बटणगुरुजी

आमच्या शाळेच्या पटावर एकेचाळीस मुलं आहेत, शिक्षक दोन आहेत आणि बटणं किती आहेत ते फक्त गुरुजींना ठाऊक.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. हरसूलहून निघालं की थोड्या वेळानं डांबर संपतं, मग एक ओढा, मग पुन्हा हातभर डांबर (ते तिथं कुणी आणि का टाकलं, कुणास ठाऊक), मग दुसरा ओढा आणि चढणीवर पाडा. चार वर्षांपूर्वी बदलीचा आदेश घेऊन मी तिथं पोचले तेव्हा गुरुजी व्हरांड्यात उभे होते. पांढरा शर्ट, खोचलेला. राखाडी पँट. खिशाला दोन पेनं आणि दोन पेनांच्या मधे एक सेफ्टी पिन. त्यांनी आदेश वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या ओढणीची पिन पडलीय कुठंतरी."

दोन ओढे ओलांडून आलेल्या बाईला आधी पाणी विचारतात. गुरुजींनी पिन दिली. पाणी चौथीतल्या एका मुलीनं आणलं.

त्यांचं खरं नाव सेवापुस्तकात आहे. पाड्यावर ते बटणगुरुजी.

असा एक गुरुजी प्रत्येक केंद्रात असतो. शिक्षण परिषदेला सगळे जमले की वाण ओळखू येतात. एक बदलीवाला, त्याला जिल्ह्यातल्या रिक्त जागा तोंडपाठ. एक ॲपवाला, माहिती भरायची राहिलेले लोक त्याच्याभोवती माश्यांसारखे जमतात. एक कवी, तो आला की चहा लवकर आटोपतो. एक खिचडीतला जाणकार, पोतं उघडल्याबरोबर वासावरून तांदूळ जुना की नवा ते सांगणारा. आणि एक गणवेशवाला. गणवेशवाल्यांतही पोटजाती आहेत: नखवाले, केसवाले, पॉलिशवाले. पॉलिशवाले शहराकडं जास्त. बटणवाले मात्र फार थोडे उरलेत, आणि त्यातला एक माझ्या वाट्याला आला.

सकाळी परिपाठ सुरू झाला की गुरुजी मुलांसमोर ताठ उभे राहतात. राष्ट्रगीताला त्यांची पापणीही हलत नाही, असं बघणाऱ्याला वाटतं. बुबुळं हलतात. पहिल्या रांगेच्या डावीकडून उजवीकडं, मग दुसऱ्या रांगेच्या उजवीकडून डावीकडं, नांगर वळवावा तशी. राष्ट्रगीत संपलं की निकाल लागतो: "सात नंबर, तिसरं. बारा नंबर, दुसरं लोंबतंय. एकोणीस, काजं चुकवलंस, खालपासून परत लाव." मुलांची नावं ते क्वचित घेतात. ओळख शर्टाची. केस कापून आलेल्या मुलाला त्यांनी एकदा "नवीन दाखला का?" असं विचारलं आणि लगेच त्याचा शर्ट पाहून "अरे, तू होय!" म्हणाले.

मी एकदा विचारलं, "गुरुजी, बटणाचं एवढं काय?"

त्यांनी सात नंबरला पुढं बोलावलं. "लिही. तुझं नाव लिही." पोरानं डाव्या हातानं उघडा पडलेला शर्ट धरला आणि उजव्या हातानं लिहायला लागला. वही सरकली. पोरानं शर्ट सोडून वही धरली, शर्ट उघडा पडला, मागून पोरं हसली, त्यानं वही सोडून शर्ट धरला. वही परत सरकली.

"बघितलंत?" गुरुजी म्हणाले. "देवानं दोनच हात दिलेत. एक पेन्सिलीला, एक वहीला. शर्ट धरायला तिसरा कुठून आणायचा?"

याच्यावर मला आजपर्यंत उत्तर सुचलेलं नाही.

त्यांचं भांडार म्हणजे श्रीखंडाच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा. आत काड्यापेट्यांच्या रिकाम्या खोक्यांचे कप्पे. चार भोकांची पांढरी, दोन भोकांची पांढरी, पँटचे हूक, टिच बटणं, आणि एका कप्प्यात 'संकीर्ण': कुणाच्या तरी लग्नातल्या शेरवानीचं सोनेरी, रेनकोटाचं काळं, बाहुलीच्या डोळ्यासारखं एक निळं. सुई कालनिर्णयाच्या डिसेंबरात खोचलेली. डिसेंबर उजाडला की नवं कॅलेंडर येईपर्यंत सुई कुठं ठेवायची हा प्रश्न दरवर्षी नव्यानं पडतो.

अंगावरचा कपडा अंगावर शिवू नये म्हणतात, म्हणून शर्ट काढून घेतात. पोरगा उघडा, शेजारी पायरीवर. गुरुजी दोरा दुहेरी घेतात, गाठ मारतात, बटणाखाली आगकाडी ठेवतात आणि भोकांतून फुली घालतात. समांतर टाके नाहीत. "समांतर इस्त्रीवाल्या माणसाला. झाडावर चढणाऱ्याला फुली." मग आगकाडी काढून घ्यायची, बटण वर ओढायचं आणि खाली जो दोरा मोकळा राहतो त्याला तीन वेढे द्यायचे. याला ते 'बटणाला पाय देणं' म्हणतात. पाय नसलेलं बटण जाड काजात अडकतं, ओढलं जातं आणि पहिल्या धुण्यात ओढ्याला मिळतं. त्यातही शर्टाचं तिसरं आधी जातं.

"तिसरंच का?"

"पोट," गुरुजी म्हणाले. "मधल्या सुट्टीतली खिचडी."

तर हा पाय देईपर्यंत उघड्या पोरानं पाढे म्हणायचे, असा नियम. एका बटणाला साधारण साताच्या पाढ्यापर्यंत वेळ लागतो, हुकाला अकरापर्यंत. त्यामुळं आमच्या शाळेत एक गंमत झाली आहे. जे शहाणे आहेत, शर्ट जपतात, त्यांचे पाढे कच्चे. आणि सात नंबर, जो आठवड्याला दोन बटणं घालवतो, त्याला एकवीसचा पाढा उलटा येतो. विस्ताराधिकारी तपासणीला आले तेव्हा त्यांनी त्याची पाठ थोपटली. थोपटताना चौथं तुटलं.

मुलींच्या चेन आणि हूक माझ्याकडं. "मॅडम, तो विभाग तुमचा," असं गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं. मी एम.ए. बी.एड. आहे. शिवण मला इथं आल्यावर आली.

सरकारी शाळेतल्या मुलाला समग्र शिक्षातून वर्षाला दोन गणवेश मिळतात, दोन्हींचे मिळून ६०० रुपये. आधी सगळ्या मुलींना मिळायचे, पण मुलग्यांत फक्त अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या. २०२३ पासून राज्यानं उरलेल्यांनाही द्यायला सुरुवात केली. आमच्याकडं त्यानं फरक पडला नाही, कारण पाड्यावर उरलेलं कुणी नव्हतंच. कोकणा, महादेव कोळी, वारली. सगळा पट योजनेत आधीपासून. पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडं यायचे तेव्हा गुरुजी शिंप्यापुढं स्वतः जाऊन बसायचे आणि एकाच गोष्टीवर हटून राहायचे: दाब. पँटच्या मोहरीला चार बोटं, शर्टाच्या बगलेत दोन बोटं कापड आत दुमडून ठेवायचं. दिवाळीनंतर दाब सोडायचा, की तोच गणवेश पुढल्या पावसाळ्यापर्यंत. शिंपी कुरकुरायचा, कापड जास्त जातं म्हणायचा. "पोरगं वाढतं," गुरुजी म्हणायचे. "निधी वाढत नाही. मग कापडानंच वाढायला नको का?"

गणवेश फक्त शाळेसाठी असतो, ही समजूत शहरातली. इथं तो घरातला सगळ्यात धड कपडा असतो. त्यामुळं बाजाराला गणवेश, आजोळी गणवेश, दवाखान्यात गणवेश, लग्नात तर हमखास. मी गुरुजींबरोबर एका लग्नाला गेले होते. पंगत बसली. पानावर वरणभात पडला आणि समोरच्या रांगेत आमची नऊ मुलं, नऊच्या नऊ गणवेशात. गुरुजींनी पहिला घास हातात धरला आणि तसाच ठेवला. मी त्यांच्या बुबुळांकडं पाहिलं. नांगर चालू झाला होता.

"गुरुजी, जेवा हो," यजमान म्हणाले.

"जेवतो. त्या पोराला जरा इकडं पाठवा."

पोरगा नवरीचा भाऊ. डोक्याला फेटा, कपाळाला हळद, अंगात शाळेचा शर्ट आणि वरून दुसरं गायब. सुई बरोबर नव्हती, म्हणून पिन. त्यानंतर गुरुजी जेवले, दोन वेळा भात घेतला. आहेर म्हणून त्यांनी बारा बटणांचं कार्ड दिलं. नवरीच्या आईनं ते पदराच्या टोकाला बांधलं. नोटा नुसत्या हातात धरल्या होत्या.

आवणीच्या दिवसांत मात्र ते खवळतात. जुलैत भातलावणी सुरू झाली की अर्धा वर्ग चिखलात. ते समजू शकतात, त्यांचं स्वतःचं बालपण तसंच गेलं. पण पोरगं गणवेशात चिखलात उतरलेलं दिसलं की बांधावरून ओरडतात. एकदा एका आज्यानं वर पाहून शांतपणे विचारलं, "मंग काय उघडा उतरवू का, गुरुजी?" आजा स्वतः इरलं घेऊन उभा होता, पाठीवर पानांचं छप्पर आणि खाली लंगोटी. गुरुजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या कपाटातून दोन जुने, बाद झालेले शर्ट त्या घरी पोचले. त्यांच्यावर 'आवणी' असं मार्करनं लिहिलं होतं.

बुटांचं वेगळंच. २०२३ सालीच मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोड्या मोजे द्यायचं ठरलं, मुलामागे १७० रुपये. बूट आले. पाड्यावरची मुलं ते हातात घेऊन यायची, ओढ्यात पाय धुवायची, व्हरांड्यात बसून पाय कोरडे करायची आणि परिपाठाला बूट घालायची. शाळा सुटली की बूट खिडकीत. "भिजतील," हे कारण. मी एकदा गुरुजींना सांगितलं, की इंग्लंडात १५५२ साली गरीब मुलांसाठी काढलेली एक शाळा आहे, ख्राइस्ट्स हॉस्पिटल नावाची, तिथं मुलं अजूनही लांब निळा कोट आणि पिवळे मोजे घालतात. गुरुजींना ते फार आवडलं. बराच वेळ विचार करून म्हणाले, "पिवळे मोजे. म्हणजे तिथं ओढा नसणार."

आता त्यांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस. मार्च २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला, की शिक्षकांनीही नीट कपडे घालावेत. जीन्स नाही, टी-शर्ट नाही, भडक रंग आणि चित्रविचित्र नक्षी नाही. बाईंनी साडी किंवा सलवार-कुर्ता-ओढणी. पुरुषांनी शर्ट-पँट आणि शर्ट खोचलेला. केंद्राच्या ग्रुपवर दिवसभर रडारड चालली होती. 'आम्ही काय पोरं आहोत का,' वगैरे. गुरुजींनी तो कागद छापून आणला आणि 'शर्ट खोचलेला' याखाली लाल रेघ ओढून भिंतीवर लावला. तीस वर्षं ते एकटेच जे पाळत आले होते त्यावर सरकारी शिक्का बसला. शिक्षकांनी नावाआधी 'टि' लावावं असंही त्यात होतं, डॉक्टर लावतात तसं. ते मात्र त्यांना रुचलं नाही. "गुरुजी नावामागं लागतं," म्हणाले. "पुढं काही लागलं तर लोक नाव विचारतात."

त्या जुलैत एका सकाळी पहिल्या ओढ्याला पाणी चढलं होतं. मी अलीकडं थांबले, गुरुजी पलीकडून मला न्यायला आले. शर्ट कडक, खोचलेला, पट्टा जागेवर. त्याखाली पँट मांडीपर्यंत गुंडाळलेली, पाय उघडे, बूट गळ्यात. वर शासन निर्णय, खाली ओढा. मला हसू आवरेना. "हसा," ते म्हणाले, "पण कागदात गुडघ्याखालचं काही लिहिलेलं नाही."

तेच वर्ष त्यांना पुढं जड गेलं. राज्यानं 'एक राज्य, एक गणवेश' ठरवला होता. शिक्षणमंत्री तेव्हा दीपक केसरकर. कापडाची खरेदी वरून, शिलाई महिला बचत गटांकडं. आकाशी शर्ट, गडद निळी पँट. दुसरा गणवेश स्काउट-गाइडचा, त्याचं कापड शाळेला मिळणार आणि शिलाईसाठी समितीला मुलामागे ११० रुपये, म्हणजे शंभर शिलाईचे आणि दहा किरकोळ खर्चाचे. जून गेला, जुलै गेला. राज्यात ठिकठिकाणी १५ ऑगस्टचं झेंडावंदन जुन्याच कपड्यांत झालं. आमच्याकडंही.

त्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, की हजेरीपटावर सात नंबर आणि चौदा नंबर एका दिवशी कधीच हजर नसतात. सख्खे भाऊ. सोमवारी हा, मंगळवारी तो. मी गुरुजींना दाखवलं. त्यांनी पट पाहिला आणि कपाळावर हात मारला. "शर्ट एकच आहे, मॅडम. मी रोज शर्टाची हजेरी घेतोय!" गेल्या वर्षीचा थोरल्याला होईना, धाकट्याचा फाटलेला, मग जो एक बरा होता तो आळीपाळीनं. पोरांनी बिचाऱ्यांनी बटणंसुद्धा जपली होती. गुरुजी दुपारी त्यांच्या घरी गेले. काय बोलले माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दोघंही आले, धाकटा बनियनवर. परिपाठाला गुरुजींची बुबुळं त्याच्यापाशी आली आणि पुढं गेली. एवढी मोठी सूट त्यांनी आयुष्यात कुणाला दिली नसेल.

मग गठ्ठा आला. सुतळी कापली. पहिला शर्ट उचलला तो तिसरीतल्या मुलाला गुडघ्यापर्यंत. दुसरा चौथीतल्याला बेंबीपर्यंत. गुरुजींनी वर्ग मोडले. "पहिली-चौथी विसरा. उंचीनं उभे राहा." मैदानात बाजार भरला. हा शर्ट त्याला, त्याचा ह्याला, पँट अदलाबदल, दोन तास. संध्याकाळपर्यंत सगळे बऱ्यापैकी झाकले गेले. एक शर्ट उरला. छाती तिसरीची, डावी बाही चौथीची आणि उजवी पहिलीची. एकेचाळीस पोरांच्या अंगावर घालून पाहिला, एकालाही झाला नाही. गुरुजींनी तो घडी घालून कपाटात ठेवला आणि साठा नोंदवहीत लिहिलं: 'शर्ट, नग १. माप : आढळले नाही.'

स्काउटचं कापड घेऊन ते हरसूलच्या बाजारात शिंप्याकडं गेले, मीही होते. शिंप्यानं कापड चाचपलं, रक्कम विचारली. "शंभर? गुरुजी, शंभरात मी खिसा शिवून देतो. त्याला पँट तुम्ही लावा." गुरुजींनी वाद घातला नाही, ही त्यांच्या खचण्याची खूण. शेवटी दुसऱ्या एकानं फावल्या वेळात शिवून दिली, होळीपर्यंत. दाब वगैरे काही नव्हता.

डिसेंबरात बातमी आली, की पुढच्या वर्षापासून गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीनंच घ्यायचे. गुरुजींनी मोबाईल खाली ठेवला, डबा काढला आणि विनाकारण सगळी बटणं मोजली.

२०२५ च्या जूनमध्ये कपाट आवरताना तो उरलेला शर्ट निघाला. त्याचं निर्लेखन करायचं ठरलं. बैठक झाली, ठराव झाला, सह्या झाल्या, आणि शर्ट खिचडी शिजवणाऱ्या मावशींना फडकं म्हणून द्यायचं ठरलं. मी म्हटलं, "गुरुजी, निदान बटणं तरी काढून घ्या. पाच आहेत. अगदी नवी." त्यांनी नोंदवही पुढं केली. "साठ्यात शर्ट म्हणून नोंद आहे. बटणं सुटी कुठं दाखवलीत? शर्ट गेला, म्हणजे बटणांसकट गेला." आठ दिवस त्यांचं कशात लक्ष नव्हतं.

ऑक्टोबरात, सकाळी, मी त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून येत होते. चढणीच्या खाली नागली पिवळी पडली होती. गुरुजींनी एकदम ब्रेक दाबला. शेतात बुजगावणं उभं होतं. डोक्याला काळं मडकं, पोटात पेंढा आणि अंगात आकाशी शर्ट. डावा बांबू लांब होता, उजवा मोडून आखूड झालेला. दोन्ही बाह्या मनगटाशी अचूक संपत होत्या.

"झालं!" मी म्हटलं. "सापडलं माप."

गुरुजी हसले नाहीत. गाडी स्टँडला लावली, बूट काढले आणि शेतात उतरले. बुजगावण्यापुढं उभे राहून त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाचही जागेवर होती. तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून मावशी ओरडल्या, "काय झालं, गुरुजी?"

"बटणं घेऊ का?"

"घ्या की! पाखरांना काय बटणं बघायचीत?"

खिशातल्या ब्लेडनं त्यांनी एकेक कापलं, पायाशी, दोरा न उसवता. पाच झाली. मुठीत वाजवून पाहिली. वाऱ्यानं शर्टाचे दोन्ही पदर उघडले आणि पोटातला पेंढा बाहेर यायला लागला. गुरुजी वळून चार पावलं चालले. थांबले. परत गेले, पेंढा आत कोंबला, दोन पेनांच्या मधली पिन काढली आणि शर्टाला लावली. तिसऱ्या जागी.

"चला मॅडम," गाडीशी येऊन पाय पुसत ते म्हणाले, "परिपाठाला उशीर होतोय. आणि तुमच्याकडं एखादी पिन असेल तर द्या."